राजकीय मतामुळे सीईओची खुर्ची जावी का? मोझिलाच्या ब्रेंडन आइक यांचं प्रकरण नेमकं काय होतं?

मोबाइलवर एखाद्या वेबसाइटचा मेनू उघडतो किंवा फॉर्म भरताना चूक लगेच लाल रंगात दिसते, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा जावास्क्रिप्ट ही भाषा काम करत असते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत असताना तिची पहिली आवृत्ती अवघ्या १० दिवसांत तयार केली. पुढे ते फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे सहसंस्थापक झाले. २४ मार्च २०१४ ला मोझिलाने त्यांना सीईओ म्हणून जाहीर केलं आणि ३ एप्रिलला त्यांनी पद सोडलं.

मधल्या दिवसांत कोणताही घोटाळा उघड झाला नव्हता. वाद होता सहा वर्षांपूर्वीच्या १,००० डॉलरच्या एका देणगीचा. कंपनीच्या प्रमुखाचं वैयक्तिक राजकीय मत त्याच्या नोकरीच्या आड यावं का, या चर्चेत हे उदाहरण आजही हमखास दिलं जातं.

देणगी कशासाठी होती?

नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियात 'प्रपोझिशन ८' या प्रस्तावावर मतदान झालं. फक्त स्त्री आणि पुरुष यांच्यातलाच विवाह वैध मानावा, अशी दुरुस्ती राज्याच्या घटनेत करण्याचा हा प्रस्ताव होता. त्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहांना मान्यता दिली होती. प्रस्ताव सुमारे ५२ टक्के मतांनी मंजूर झाला आणि मिळालेला हक्क काही महिन्यांतच गेला. आइक यांनी या प्रस्तावाच्या बाजूने देणगी दिली होती.

ती कायदेशीर होती. पण कॅलिफोर्नियात १०० डॉलर किंवा त्याहून जास्त देणगी देणाऱ्याचं नाव, व्यवसाय आणि नोकरीचं ठिकाण जाहीर करावं लागतं. त्यामुळे सरकारी नोंदीत आइक यांच्या नावासमोर मोझिलाचं नाव आलं. २०१२ मध्ये ही नोंद सोशल मीडियावर फिरली. तेव्हा थोडा वाद झाला आणि विरला. आइक सीईओ होताच तो पुन्हा पेटला.

अकरा दिवसांत काय घडलं?

मोझिलातल्या काही कर्मचाऱ्यांनी ट्विटरवर उघडपणे राजीनाम्याची मागणी केली. एका समलिंगी जोडप्याच्या कंपनीने आपलं अॅप फायरफॉक्सच्या मार्केटप्लेसमधून काढून घेतलं. २६ मार्चला आइक यांनी ब्लॉग लिहिला. आपल्यामुळे कोणाला वेदना झाल्या असतील तर त्याबद्दल खेद आहे आणि मोझिलात सर्वांना समान वागणूक मिळेल, असं त्यांनी सांगितलं. मात्र देणगी चुकीची होती, असं ते म्हणाले नाहीत. मुलाखतींमध्येही त्यांनी वैयक्तिक मतांवर बोलणं टाळलं.

३१ मार्चला 'ओकेक्युपिड' या डेटिंग साइटने फायरफॉक्समधून येणाऱ्यांना दुसरा ब्राउझर वापरण्याचं आवाहन केलं. तीन दिवसांनी आइक यांनी पद सोडलं. मोझिलाच्या म्हणण्यानुसार त्यांना काढलेलं नव्हतं. राजीनामा त्यांचा स्वतःचा होता आणि दुसऱ्या भूमिकेत राहण्याची विनंतीही त्यांना केली होती.

पद गेलं ते योग्यच, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा

पहिला मुद्दा असा की हे नुसतं मत नव्हतं. मत मनात राहतं. इथे दुसऱ्याचा हक्क काढून घेणाऱ्या मोहिमेला पैसे दिले गेले. ज्या कर्मचाऱ्याचं लग्न त्या प्रस्तावामुळे अडलं, त्याने त्याच माणसाच्या हाताखाली निश्चिंतपणे काम करावं, अशी अपेक्षा होती.

दुसरा मुद्दा पदाचा. सीईओ हा कंपनीचा चेहरा असतो आणि माणसं जोडून ठेवणं हा त्याच्या कामाचाच भाग असतो. मोझिलाची मालकी ना-नफा फाउंडेशनकडे आहे आणि तिचं बरंच काम जगभरातले स्वयंसेवक करतात. फायरफॉक्सचं मराठी रूपही स्वयंसेवकांच्या भाषांतरातूनच उभं राहिलं. पगारासाठी न आलेल्या लोकांचा विश्वास गेला, तर अशा संस्थेच्या प्रमुखाला काम करणं अवघड होतं.

हे चुकीचं होतं, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा

टीका करणाऱ्यांत समलिंगी विवाहाचे समर्थकही होते. १९८९ पासून या हक्कासाठी लिहिणारे आणि स्वतः समलिंगी असलेले पत्रकार अँड्र्यू सलिव्हन यांनी या प्रकाराचा जाहीर निषेध केला. विचारण्यासारखा प्रश्न हा, की आइक यांनी कामाच्या ठिकाणी कोणाशी भेदभाव केला होता का? तसं एकही उदाहरण पुढे आलं नाही.

शिवाय २००८ मध्ये हे मत दुर्मीळ नव्हतं. खुद्द बराक ओबामा तेव्हा विवाह म्हणजे स्त्री-पुरुषातलं नातं असं म्हणत होते, जरी त्यांनी प्रपोझिशन ८ ला विरोध केला होता. राज्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ज्या बाजूला मत दिलं, ती बाजू घेतल्याबद्दल सहा वर्षांनी शिक्षा करायची, तर मग थांबायचं कुठे?

अमेरिकेला याचा जुना अनुभव आहे. १९४७ मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलीवूडच्या स्टुडिओंनी १० लेखक-दिग्दर्शकांना काम देणं बंद केलं आणि ही काळी यादी पुढे वाढत गेली. प्रेक्षक नाराज होतील, हेच कारण तेव्हाही पुढे केलं जायचं.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेच्या घटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य सरकारपासून संरक्षण देतं, खासगी मालकापासून नाही. कॅलिफोर्नियाचा कामगार कायदा मात्र कर्मचाऱ्याच्या राजकीय कामावर दबाव आणायला मालकाला मनाई करतो. पण माणसाने स्वतःच राजीनामा दिला, तर हा कायदा क्वचितच कामी येतो. ग्राहकांच्या बहिष्काराला तर तो लागूच होत नाही.

म्हणून खुर्ची राहणार की जाणार, हे बरेचदा मतावर नाही, तर मालकी कोणाची यावर ठरतं. २०१२ मध्ये 'चिक-फिल-ए' या अमेरिकी फास्टफूड साखळीचे अध्यक्ष डॅन कॅथी यांनी समलिंगी विवाहाला उघड विरोध केला. बहिष्काराची हाक आली आणि उत्तरादाखल समर्थकांनी दुकानांसमोर रांगा लावल्या. कंपनी कॅथी कुटुंबाच्याच मालकीची असल्याने त्यांचं पद गेलं नाही. उलट पुढच्या वर्षी ते सीईओ झाले.

भारतात चित्र कसं आहे?

सरकारी नोकरांबाबत नियम स्पष्ट आहे. केंद्राच्या १९६४ च्या आणि महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार त्यांना राजकीय पक्षाचं सदस्य होता येत नाही आणि राजकीय चळवळीला वर्गणीही देता येत नाही. म्हणजे आइक इथे सरकारी नोकरीत असते, तर अशी देणगी हाच नियमभंग ठरला असता.

खासगी नोकरदार मात्र पक्षाला देणगी देऊ शकतो आणि त्यावर आयकरात सवलतही मिळू शकते. राज्यघटनेचं कलम १९ इथेही मुख्यतः सरकारला रोखतं. कामगार कायद्यांचं संरक्षण वरिष्ठ व्यवस्थापकांना सहसा मिळत नाही. त्यामुळे बरंच काही नेमणुकीच्या करारावर अवलंबून असतं.

आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. १७ ऑक्टोबर २०२३ ला भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. ज्या भूमिकेमुळे आइक यांना पद सोडावं लागलं, ती विवाहाची व्याख्या भारतात आजही कायद्याची आहे. 'चुकीचं मत असेल तर पद सोडा' हा नियम इथे लावला, तर समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारा अधिकारीही अडचणीत येऊ शकतो.

मग ठरवायचं कसं?

अशा प्रकरणात चार प्रश्न उपयोगी पडतात. माणसाने फक्त मत मांडलं की कोणाचं नुकसान करणारी कृती केली? त्याचा परिणाम त्याच्या कामात, म्हणजे भरती, बढती किंवा पगारात दिसला का? त्याचं पद संस्थेचं प्रतिनिधित्व करणारं आहे की साधी नोकरी आहे? आणि हाच नियम आपल्या बाजूच्या माणसाला लागला, तर तो आपल्याला मान्य होईल का?

आइक यांच्याबाबत पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या विरोधात जातं, तर दुसऱ्याचं त्यांच्या बाजूने. वाद अजून मिटलेला नाही, त्याचं कारण हेच. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सीईओपेक्षा सामान्य कर्मचाऱ्यासाठी जास्त मोलाचं आहे. आइक यांनी २०१५ मध्ये 'ब्रेव्ह' हा नवा ब्राउझर बनवणारी कंपनी काढली. जुन्या पोस्टमुळे नोकरी गेलेल्या क्लार्कला किंवा शिक्षकाला अशी दुसरी संधी सहज मिळत नाही. म्हणून एखाद्याला काढून टाकण्याची मागणी शेअर करण्याआधी तो माणूस किती मोठ्या पदावर आहे, हेही पाहायला हवं.