घरीं बांधलेलें विमान आणि शक्तीची शिल्लक

विमान आकाशांत कसें विहरतें इकडे लोकांचें लक्ष असतें. त्याची खरी परीक्षा मात्र जमीन सुटते त्या क्षणीं होते. त्या वेळीं वेग थोडा, उंची त्याहून थोडी आणि इंजिनाकडून मागणी सर्वाधिक. घरीं बांधलेल्या विमानांचा इतिहास म्हणजे बव्हंशीं या क्षणासाठीं शक्तीची शिल्लक राखण्याचा इतिहास होय.

पहिला धडा राइट बंधूंचा. त्यांच्या सायकलींच्या दुकानांतील कारागीर चार्ली टेलर यानें इंजिन घडविलें. किमान आठ अश्वशक्ती हवी, असा बंधूंचा हिशेब होता. सुरू होतांच इंजिन जवळजवळ सोळा अश्वशक्ती देई. पण आंत जाणारी हवा तापली कीं बाराच उरत. आठांच्या हिशेबापुढें त्या बारा पुरल्या, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजीं विमान १२ सेकंदांत १२० फूट गेलें. थंड इंजिनाचा आंकडा फसवा असतो, हें तेव्हांच दिसून आलें.

१९२९ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत बर्नार्ड पीटनपोल यानें लांकडी विमानाला फोर्ड मोटारीचें इंजिन बसविलें, आणि विमान सामान्य कारागिराच्या आवाक्यांत आलें. परंतु चढावर मोटार थांबली तर माणूस खालीं उतरतो. विमानांत ती सोय नाहीं.

इंजिन ऐन वेळीं कां दगा देतें? पेट्रोलांत पाणी शिरतें. उष्णतेनें नळींत वाफ धरते. विमानाचें नाक वर होतांच टांकीतून येणारी धार मंदावते. यासाठीं जाणते बांधणारे नाक उंच ठेवून ही धार जमिनीवरच मोजतात. पेट्रोल नुसत्या उतारानें येत असेल, तर ती गरजेच्या दीडपट असावी असा दंडक आहे.

कधीं बिघाड नसतांही शक्ती घटते. सोलापूर जिल्ह्यांतील माढ्याचें उदाहरण घ्यावें. समुद्रसपाटीपासून सुमारें १५०० फूट उंची आणि वैशाखांतलें ४० अंश सेल्सिअसचें ऊन. तेथील हवा अशा वेळीं ५००० फुटांवरील नेहमीच्या हवेइतकी विरळ होते. शंभर अश्वशक्तीचें साधें इंजिन मग पंचाऐंशीच्या आसपास येतें, आणि पंखांना आधारासाठीं अधिक धांव लागते.

महाराष्ट्रांत हें साहस वैमानिक अमोल यादव यांनीं केलें. मुंबईंत कांदिवलीच्या चारकोप भागांत, इमारतीच्या गच्चीवर, त्यांनीं सहा आसनांचें विमान बांधलें. २०१६ सालीं तें ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. २०१७ सालीं नोंदणी झाली. २०१९ सालीं उड्डाणाची परवानगी मिळाली. आणि २०२० सालीं धुळ्याच्या धावपट्टीवरून तें उडालें. कागदपत्रांचा विलंब कोणालाही जाचेल. परंतु त्यामुळें परीक्षेची गरज खोटी ठरत नाहीं.

इतकें करूनही जमीन सोडतांच इंजिन थांबलें, तर मागें धावपट्टीकडे वळण्याचा मोह अनावर होतो. कमी उंचीवरील त्या वळणांत वेग आणि उंची दोन्ही खर्च होतात व पंखांचा आधार सुटतो. म्हणून वैमानिकाला प्रथमपासून शिकवितात: नाक खालीं करावें, वेग राखावा, समोर दिसेल त्या मोकळ्या जागीं उतरावें. मोडलेलें विमान पुन्हां बांधतां येतें.