इंग्रजी अनियमित क्रियापदांचे लुप्त चौथे रूप

इंग्रजी शिकणारा विद्यार्थी अनियमित क्रियापदांची तीन रूपे पाठ करतो आणि ‘ड्रँक’ व ‘ड्रंक’ यांची अदलाबदल ही अज्ञानाची खूण मानतो. भाषेचा इतिहास पाहता या समजुतीत दुरुस्ती करणे अवश्य ठरते.

प्राचीन इंग्रजीत सबल धातूंची मुख्य रूपे तीन नव्हे, चार होती. ‘पिणे’ या अर्थाच्या धातूची रूपे अशी : द्रिंकन (मूळ रूप), द्रंक (एकवचनी भूतकाळ), द्रुंकोन (अनेकवचनी भूतकाळ) आणि द्रुंकेन (भूतकालवाचक धातुसाधित). भूतकाळात वचनानुसार स्वर बदले, आणि या गणात अनेकवचनाचा स्वर धातुसाधिताच्या स्वराशी जुळे. पुढे भूतकाळातील वचनभेद लोपला, तेव्हा दोहोंपैकी एकच स्वर टिकावयाचा होता. ‘ड्रँक’, ‘सँग’ यांनी एकवचनाचा स्वर राखला. ‘फाउंड’, ‘स्पन’ यांत अनेकवचनाचा व धातुसाधिताचा स्वर स्थिरावला. त्यातच धातुसाधिताचा अंत्य प्रत्यय अनेक धातूंत गळाला. ‘ड्रंकन’सारखी जुनी रूपे विशेषण म्हणून तेवढी उरली. परिणामी दोन रूपांमधील सीमा पुसट झाली आणि भूतकाळाचे रूप धातुसाधिताच्या जागीही येऊ लागले.

हा प्रयोग अशिक्षितांपुरता मर्यादित नव्हता. टॉमस ग्रे याच्या विख्यात विलापिकेच्या १७५१ च्या प्रथमावृत्तीत, शीर्षकातच, ‘रिटन’ऐवजी ‘रोट’ छापलेले आहे. हाच ग्रे १७६८ मध्ये केंब्रिज येथे इतिहासाचा प्राध्यापक झाला. शीर्षकात ‘रिटन’ हे रूप पुढे रूढ झाले.

रॉबर्ट लाउथ याने १७६२ च्या आपल्या व्याकरणात या मिश्रणास दोष ठरविले, आणि मिल्टनसारख्या कवीचीही उदाहरणे सदोष म्हणून दिली. लिंडली मरे याच्या १७९५ च्या व्याकरणाने लाउथच्या अनेक नियमांना शाळाशाळांतून प्रसार मिळवून दिला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. लाउथने मिल्टनला लावलेला नियम मिल्टनच्या हयातीत निश्चित झालेला नव्हता. कवी १६७४ मध्येच निवर्तला होता.

आजच्या लेखनात हा नियम पाळावा, यात शंका नाही. परंतु जुन्या ग्रंथांचे संपादन करताना त्याच्या आधारे पाठ ‘शुद्ध’ करणे म्हणजे पुरावाच नष्ट करणे होय. अभ्यासकाने रूप शुद्ध की अशुद्ध हे ठरविण्यापूर्वी, ज्या नियमाने ते ठरवावयाचे त्याचा काळ तपासावा.