सिराज औरंगाबादी व जज्ब अवस्था

सिराज औरंगाबादी (अठरावे शतक) : दखनच्या उर्दू गझलेतील थोर सूफी कवी. मूळ नाव सय्यद सिराजुद्दीन. गूढानुभव आणि मानसिक स्वास्थ्य यांचा विचार करताना मराठवाड्यातील हे सर्वांत बोलके उदाहरण ठरावे. बारा-तेराव्या वर्षी त्यांचे भान हरपले. अंगावर वस्त्र नाही, घराची शुद्ध नाही, अशा स्थितीत ते खुलताबादला बुऱ्हानुद्दीन गरीब (मृ. १३३७) यांच्या दर्ग्याभोवती रात्री काढीत. घरच्यांना त्यांच्या पायात बेड्या घालाव्या लागल्या. सुमारे सात वर्षे हे चालले. या काळात तोंडून अखंड फार्सी शेर येत. ते उतरवून न घेतल्याने बहुतेक हरवले, ही मोठीच हानी.

सूफी परंपरा या अवस्थेला जज्ब म्हणते. पुढे चिश्ती या सूफी परंपरेतील शाह अब्दुर्रहमान यांचे शिष्यत्व पत्करून ते स्थिरावले. त्यांचा दिवान (काव्यसंग्रह) गुरुबंधूंनी संकलित केला. गुरूंच्या आज्ञेवरून त्यांनी काव्यलेखनही सोडले.

आजच्या निदानाचे लेबल त्यांना लावणे अन्यायाचे होईल. मात्र बेड्यांनी जे साधले नाही ते गुरूच्या सहवासाने साधले, ही बाब मोलाची आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी सायलोसायबिन या भ्रमजनक द्रव्याने येणाऱ्या गूढानुभवांवर केलेल्या संशोधनातही (२००६) पूर्वतयारी आणि विश्वासू सोबत यांवर भर होता. भारतात हे द्रव्य १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली निषिद्ध आहे.