सिस्टम बदलल्यावर जुना प्रिंटर, स्कॅनर आणि डोंगल

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगले चालणारे बरेच संगणक त्यात बसत नाहीत. आपले काही सभासद नवा संगणक घेतात, काही जुन्यावरच लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकतात. दोन्हीकडे अडचण सारखीच येते: संगणक छान सुरू होतो, पण दहा-पंधरा वर्षांचा प्रिंटर किंवा स्कॅनर काही बोलत नाही. तो भंगारात देण्याआधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

यंत्र का चालत नाही?

यंत्र आणि सिस्टम यांच्यामध्ये ड्रायव्हर हा दुभाषी असतो. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे. ३२ बिट विंडोजसाठी लिहिलेला जुना ड्रायव्हर त्यावर चालत नाही, आणि कंपनीने नवा काढला नसेल तर काम अडते. लिनक्समध्ये छपाईचे काम कप्स आणि स्कॅनिंगचे काम सेन ही व्यवस्था पाहते. बऱ्याच जुन्या यंत्रांचे ड्रायव्हर त्यांत आधीच असतात. म्हणून नव्या विंडोजवर न चालणारा स्कॅनर लिनक्सवर चालल्याचे अनेकदा दिसते.

आधी चाचणी, मग बदल

लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता सुरू करता येते. तसे सुरू करून प्रिंटर आणि स्कॅनर जोडावेत, एक पान छापून व एक फोटो स्कॅन करून पाहावा. यंत्रामागच्या पट्टीवरील पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून ठेवावा. शेवटच्या एका अक्षराच्या फरकानेही ड्रायव्हर बदलतो.

प्रिंटर

घराघरांत असलेला एचपी लेझरजेट १०२० हे बोलके उदाहरण आहे. हा प्रिंटर आपले फर्मवेअर स्वतःजवळ कायम ठेवत नाही. दर वेळी सुरू केल्यावर संगणकाने ते पाठवावे लागते. त्यामुळे लिनक्सवर प्रिंटर यादीत दिसतो, पण कागद बाहेर येत नाही. एचपीलिप हा संच आणि त्याचे जादा प्लगइन टाकले की काम होते. प्लगइन उतरवताना इंटरनेट लागते.

कॅनन एलबीपी २९०० थोडा त्रास देतो. त्याची कॅप्ट ही स्वतःची पद्धत असल्याने लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो. हे काम जाणकाराला सोबत घेऊन करावे. एअरप्रिंटची सोय असलेल्या नेटवर्क प्रिंटरला बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

स्कॅनर

सेनच्या यादीत आपले मॉडेल आहे का ते प्रथम पाहावे. कॅनोस्कॅन लाइड मालिकेतील लाइड २५, लाइड ११० असे कित्येक स्कॅनर त्यात आहेत. विंडोजवरच राहायचे असेल आणि कंपनीचा ड्रायव्हर मिळत नसेल, तर व्ह्यूस्कॅन हे विकतचे सॉफ्टवेअर अनेक जुने स्कॅनर चालवते. विकत घेण्याआधी त्याची चाचणी आवृत्ती वापरून पाहावी.

डोंगल आणि जुन्या स्मरणिका

आपल्यासारख्या मंडळांनी सर्वांत जास्त काळजी इथे घ्यावी. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर खास सॉफ्टवेअर आणि फॉन्ट वापरून जुळवला जाई. अशा सॉफ्टवेअरला अनेकदा हार्डवेअर लॉक, म्हणजे डोंगल, लागे. नव्या सिस्टमने डोंगल ओळखला नाही की सॉफ्टवेअर उघडत नाही. फॉन्टही नसेल तर गणेशोत्सवाची स्मरणिका किंवा सभासदांची यादी निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखी दिसते. प्रिंटर नवा आणता येतो, पण वीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेतले लेख पुन्हा कोण लिहून देणार?

म्हणून जुना संगणक चालू आहे तोवर:

• प्रत्येक फाइल उघडून तिची पीडीएफ काढावी. मूळ फाइल आणि फॉन्टही जपून ठेवावेत.
• शक्य असेल तिथे मजकूर युनिकोडमध्ये बदलून एकदा वाचून तपासावा. जोडाक्षरे आणि रफार हमखास चुकतात.
• सर्व प्रती दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात.

व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सोयीने नव्या संगणकाच्या आत जुनी विंडोज चालवता येते आणि यूएसबी यंत्र तिला जोडता येते. काही डोंगल असे चालतात, काही चालत नाहीत. समांतर पोर्टच्या डोंगलला तर आज जागाच नसते. तेव्हा एखादा जुना संगणक इंटरनेटपासून तोडून फक्त याच कामासाठी ठेवणे सोयीचे पडते. जुन्या विंडोजला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसल्याने तो नेटला जोडू नये, आणि त्याच्या पेनड्राइव्हची दर वेळी तपासणी करावी.

घरातील जुना संगणक विकायचा किंवा पुसायचा असेल, तर आधी त्यात मंडळाचे काही जुने साहित्य नाही ना, एवढे सभासदांनी अवश्य पाहावे. पूर्वीच्या कार्यकारिणीतील मंडळींच्या घरच्या संगणकांत अशा फाइली असण्याचा संभव अधिक असतो.