रेडिएटर पंखा

मोटारगाडीच्या रेडिएटरमधून हवा खेळती ठेवून एंजिनातील शीतक (कूलंट) थंड करणारा पंखा. इंधनाच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा शीतकाला वाहून न्यावा लागतो. गाडी वेगात असताना समोरचा वारा रेडिएटरला पुरतो. सिग्नलला, कोंडीत किंवा घाटाच्या संथ चढणीवर तो मिळत नाही. तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर असते.

इतिहास : व्हिल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या ‘मर्सिडीज ३५ एचपी’ गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या आणि मागे छोटा पंखा होता.

प्रकार : (१) पट्ट्यावर चालणारा पंखा एंजिनाच्या वेगाच्या प्रमाणात फिरतो; एंजिन मंद चालले की तोही मंदावतो. (२) ट्रक व जीपगाड्यांत आढळणाऱ्या व्हिस्कस क्लचच्या पंख्यात सिलिकॉन तेल असते. ते उष्णतेनुसार पंख्याची पकड घट्ट वा सैल करते. (३) विजेचा पंखा : ‘मारुती ८००’सारख्या आडव्या एंजिनाच्या गाड्यांत रेडिएटर पट्ट्याच्या आवाक्यात नसल्याने पंख्याला स्वतंत्र मोटर असते.

कार्य : साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला थर्मोस्टॅट उघडून शीतक रेडिएटरकडे सोडतो. बहुतेक गाड्यांत १०० अंशांच्या आसपास विजेचा पंखा सुरू होतो आणि तापमान काही अंश उतरले की थांबतो. पाणी व ग्लायकॉलचे मिश्रण आणि दाब धरणारे झाकण यांमुळे उत्कलनबिंदू १२० अंशांच्या पुढे जातो.

बिघाड व दक्षता : फ्यूज उडणे, रिले किंवा तापमान सेन्सर निकामी होणे, मोटर जळणे ही विजेचा पंखा बंद पडण्याची नेहमीची कारणे. गाडी धावताना तापमानाचा काटा जागेवर राहतो, पण उभी राहताच चढतो, ही पंखा बंद पडल्याची ठळक खूण. दुर्लक्ष झाल्यास हेड गॅस्केट जाते, हेड वाकते, पिस्टन जाम होतात. काटा चढू लागताच एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, गाडी कडेला घ्यावी. वाफ दिसली किंवा पट्टा तुटला असेल तर एंजिन ताबडतोब बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, तापलेल्या एंजिनावर थंड पाणी ओतू नये. विजेचा पंखा किल्ली काढल्यावरही अचानक फिरू शकतो, म्हणून पात्यांजवळ हात नेऊ नये.