‘अनफिनिश्ड सिम्पथी’ : युद्धामुळे अर्ध्या नावाने आलेलं गाणं

‘अनफिनिश्ड सिम्पथी’ हे इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या ‘मॅसिव्ह अटॅक’ या गटाचं १९९१ सालचं गाणं. संथ हिप हॉपचा ठेका, त्यावर सोल गायकी आणि मागे मोठा वाद्यवृंद, अशी त्याची बांधणी. आज ‘ट्रिप हॉप’ म्हटलं की पहिल्या काही नावांत हे गाणं घेतलं जातं. गंमत म्हणजे ते आलं तेव्हा ‘ट्रिप हॉप’ हा शब्दच चलनात नव्हता. ‘मिक्समॅग’ मासिकाने तो छापला १९९४ मध्ये, तोही दुसऱ्याच कलाकाराबद्दल लिहिताना.

ब्रिस्टल हे जुनं बंदर. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांची तिथे मोठी वस्ती आहे आणि त्यांच्याबरोबर रेगे आणि रस्त्यावरच्या साउंड सिस्टिमही आल्या. आपल्याकडच्या डीजेच्या भिंती डोळ्यांसमोर आणा, फक्त गाणी वेगळी. ‘वाइल्ड बंच’ नावाच्या अशाच एका टोळक्यातून रॉबर्ट डेल नाजा, ग्रँट मार्शल आणि अँड्र्यू व्हाउल्स हे तिघे पुढे आले. डेल नाजा त्याआधी भिंती रंगवायचा. रूढ अर्थाने वादक म्हणावा असा यांच्यात कुणी नव्हता. जुन्या तबकड्यांवरचे तुकडे उचलून जोडायचे, ही यांची कारागिरी.

या गाण्याची चाल मात्र तबकडीतून आली नाही. गायिका शारा नेल्सन स्टुडिओत सहज गुणगुणत होती, ते निर्माता जॉनी डॉलरच्या कानावर पडलं आणि तिथून गाणं उभं राहिलं. नाव पडलं तेही थट्टेतच. शूबर्टची ‘अनफिनिश्ड सिम्फनी’ प्रसिद्ध आहे. तिच्यातल्या ‘सिम्फनी’ची यांनी ‘सिम्पथी’ केली. गाणं आहे प्रेमात दुखावलेल्या बाईचं, त्यामुळे थट्टेतलं नाव चपखल बसलं.

तंतुवाद्यांचा भाग आधी सिंथेसायझरवर वाजवून पाहिला. तो पोकळ वाटला. मग विल मॅलोन या संयोजकाला बोलावून लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत खऱ्या वाद्यवृंदाकडून तो वाजवून घेतला. हा खर्च अंदाजपत्रकात धरलेलाच नव्हता, त्यामुळे मंडळींना आपली मित्सुबिशी गाडी विकावी लागली. गाणं ऐकल्यावर सौदा तोट्यात गेला असं कुणी म्हणणार नाही.

दुसरा हिशेब मात्र राहून गेला. गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी ‘हे हे’ अशी साद आहे ती ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’च्या १९७६ मधल्या ‘प्लॅनेटरी सिटिझन’ या गाण्यातून उचललेली. हा गट जॉन मॅकलॉफ्लिन यांचा. त्याच सुमारास ते मुंबईच्या झाकिर हुसेन यांच्याबरोबर ‘शक्ती’ही चालवत होते. मूळ गाणं रचणाऱ्या राल्फ आर्मस्ट्राँग यांना ना विचारलं, ना श्रेय दिलं. ते कोर्टात गेले आणि पुढे प्रकरण बाहेरच्या बाहेर पैसे देऊन मिटलं.

गाणं बाजारात आलं फेब्रुवारी १९९१ मध्ये, ऐन आखाती युद्धात. आपल्याकडे, विशेषतः गोवा-कोकणात, त्या युद्धाची आठवण वेगळी आहे: कुवेतमध्ये नोकरीला असलेलं माणूस अम्मानमार्गे विमानाने घरी पोहोचेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला. ब्रिटनमध्ये रेडिओवाले शब्दांना जपत होते. ‘अटॅक’ म्हणजे हल्ला. असं नाव असलेल्या गटाचं गाणं वाजणं कठीण. म्हणून तबकडीवर नुसतं ‘मॅसिव्ह’ छापलं गेलं. लढाई संपली आणि एप्रिलमध्ये ‘ब्लू लाइन्स’ हा अल्बम पूर्ण नावाने आला. त्या एका शब्दाने युद्धाचं काय बिघडलं असतं, ते रेडिओवाल्यांनाच ठाऊक.

ब्रिटनच्या यादीत गाणं १३ व्या क्रमांकापर्यंत गेलं. नेदरलँड्समध्ये मात्र थेट पहिलं. विक्रीपेक्षा त्याची ख्याती नंतर वाढत गेली. समीक्षकांच्या ‘सर्वोत्तम गाण्यां’च्या याद्यांत ते आजही असतं.

चित्रफितीचाही यात वाटा आहे. दिग्दर्शक बेली वॉल्शने ती लॉस एंजेलिसच्या वेस्ट पिको बुलेव्हार्डवर, मध्ये कुठेही न तोडता, एका दमात चित्रित केली. शारा नेल्सन गात चालत राहते, आजूबाजूची गर्दी तिच्या खिजगणतीतही नाही. गटातले तिघे मागून चालताना ओझरते दिसतात; लक्ष दिलं नाही तर सुटतात. १९९७ मध्ये ‘द व्हर्व्ह’च्या ‘बिटर स्वीट सिम्फनी’च्या चित्रफितीत गायक असाच रस्त्याने चालतो. त्या गाण्याची तंतुवाद्यंही विल मॅलोन यांचीच.

‘ब्लू लाइन्स’नंतर नेल्सन गटातून बाहेर पडली. १९९३ मध्ये तिचा स्वतःचा ‘व्हॉट सायलेन्स नोज’ हा अल्बम आला आणि पुढच्या वर्षी मर्क्युरी पुरस्काराच्या अंतिम यादीत त्याचं नाव लागलं.