शोध-मजकूर, लांब (मेनफ्रेम)

शोध-मजकूर, लांब : आयबीएम मेनफ्रेमवरील फाइल संपादकात ‘फाइंड’ आज्ञेपुढे द्यायचा मजकूर आज्ञेच्या ओळीत मावत नसेल, तेव्हा तो देण्याच्या रीती. या कामाचा रूढ संपादक म्हणजे आयएसपीएफ. त्याचा पूर्वज एसपीएफ 1974 मधला. पुण्या-मुंबईत परदेशी बँका आणि विमा कंपन्यांचे कोबोल प्रोग्राम सांभाळणाऱ्यांच्या तो रोजच्या हातातला आहे.

अडचण पडद्याची. 1971 साली आलेल्या 3270 टर्मिनलचा रूढ पडदा 24 ओळींचा आणि 80 स्तंभांचा. आज्ञेच्या ओळीत डावीकडे ‘कमांड’, उजवीकडे ‘स्क्रोल’. मधे उरते ती पन्नासेक अक्षरांची जागा. ‘चेंज’साठी जुना आणि नवा असे दोन्ही मजकूर तेवढ्यातच कोंबायचे. हेक्समध्ये लिहिले तर दुप्पट जागा जाते : रोमन लिपीतील पाच अक्षरी ‘दौंड’ एब्सिडिक संकेतात ‘सी4सी1ई4डी5सी4’ असे दहा चिन्हांचे होते.

‘झेडएक्स्पांड’ लिहिले की आज्ञेसाठी मोठी चौकट उघडते. पण खरी सोय तारकेची (*), आणि नवख्यांना तीच ठाऊक नसते. लांब मजकूर आधी ‘फाइंड’ने शोधून घ्यावा, मग ‘चेंज’मध्ये जुन्या मजकुराच्या जागी नुसती तारका द्यावी. संपादकाला मागचा मजकूर आठवत असतो, त्यामुळे सगळी जागा नव्याला मिळते. तोच शोध वारंवार लागत असेल तर रेक्स भाषेत मॅक्रो लिहून ठेवतात.

तरीही लांब मजकूर देणे बहुधा अनाठायीच. शोध ओळीओळीने चालतो. दोन ओळींत तुटलेले वाक्य कितीही अचूक टंकले तरी सापडत नाही. त्यातला दुर्मीळ तुकडा निवडणे अधिक शहाणपणाचे.

स्थलनामांत हे चटकन पटते. जुन्या इंग्रजी कागदांत दौंडचे स्पेलिंग ‘धोंड’ असे आहे. 1878 साली सुरू झालेला रेल्वेमार्गही ‘धोंड–मनमाड’ म्हणूनच नोंदलेला. दोन्ही स्पेलिंगे पाच अक्षरी, आणि फरक फक्त दुसऱ्या-तिसऱ्या अक्षरांत. त्या दोन जागी ‘कोणतेही अक्षर’ दर्शवणारे @ हे चिन्ह घालून, आधी ‘पी’ लावून, अवतरणात दिलेला नमुना दोन्ही रूपे एका फटक्यात पकडतो. शिरूरला ही युक्ती चालत नाही, कारण जुन्या ‘सिरूर’च्या स्पेलिंगात एक अक्षर कमी आहे. तिथे शेवटची चार अक्षरे पुरतात. मात्र केरळातले तिरूरही त्याच जाळ्यात येते. आणि शिरूरचेच दुसरे नाव घोडनदी : ते वेगळेच शोधावे लागते.